चाल बदलणारा वाद्यवृंद

रॉक संगीताचें नांव निघतांच आमच्या पिढीच्या माणसाच्या कपाळाला आठी पडते. माझ्याही पडत असे. देवळांतील भजन आणि घरांतील नाट्यगीतें यांवर ज्याचा कान वाढला, त्यास विजेच्या गिटारीचा कल्लोळ कसा रुचावा? परंतु गेल्या दिवाळींत माझा पुतण्या पुण्याहून मोहोळास आला आणि मुंबईच्या एका वाद्यवृंदाचीं गाणीं त्यानें मला आग्रहानें ऐकविलीं. तेव्हांपासून मनांत घोळणारा एक विचार वाचकांपुढें ठेवावासा वाटतो.

हा वृंद १९८४ मध्यें मुंबईंत निघाला. त्याचें पहिलें नांव 'रॉक मशीन'. गायक उदय बेनेगल, गिटारवादक महेश तिनईकर व जयेश गांधी, की-बोर्डवादक झुबिन बालापोरिया हीं त्यांतील ठळक नांवें. अशा वृंदांनीं विलायती गाणीं हुबेहूब वाजवावींत, एवढीच त्या काळच्या बहुतेक श्रोत्यांची अपेक्षा असे. यांनींही आरंभ उसन्या गाण्यांनींच केला. पण १९८८ मध्यें 'रॉक अँड रोल रेनेगेड' व १९९० मध्यें 'द सेकंड कमिंग' हे स्वतःच्या रचनांचे दोन संग्रह त्यांनीं काढले. घाट पाश्चात्त्य, भाषा इंग्रजी. परंतु शब्द आणि चाली स्वतःच्या!

पुढें १९९३ मध्यें त्यांनीं आपलें गाजलेलें नांव टाकून 'इंडस क्रीड', म्हणजे जणूं सिंधुपंथ, हें नवें नांव घेतलें. व्यवहारी माणूस यास वेडेपणाच म्हणेल. त्याच वर्षीं त्यांच्या 'प्रिटी चाइल्ड' या गाण्याच्या चित्रफितीस एम. टी. व्ही.चें आशियांतील प्रेक्षकांच्या पसंतीचें पारितोषिक मिळालें. १९९५ च्या संग्रहांत तर भारतीय वाद्यांचे बोलही गिटारीशेजारीं येऊन बसले. १९९७ मध्यें वृंद विसर्जित झाला. बेनेगल आणि गांधी न्यूयॉर्कला गेले व तेथें 'आम्स फॉर शांति' हा निराळा प्रयोग त्यांनीं मांडला. २०१० मध्यें जुने सोबती कांहीं नव्या वादकांसह पुनः एकत्र आले, आणि २०१२ मध्यें, म्हणजे सतरा वर्षांनीं, 'इव्हॉल्व्ह' हा संग्रह प्रसिद्ध झाला. त्याचा बाज पुनः वेगळाच.

यांत धरसोड आहे काय? मला प्रथम तसेंच वाटलें. मग आठवलें कीं, 'बीटल्स'च्या गाण्यांत १९६५ मध्यें सतार वाजली, तेव्हां तीही धरसोडच दिसली असेल. इतक्या दूर तरी कशाला जावें? १८८० च्या 'शाकुंतला'पासून चालत आलेल्या नाट्यसंगीताचा सांचा १९३३ मध्यें 'आंधळ्यांची शाळा' या नाटकांत केशवराव भोळे यांनीं बदललाच कीं! जुनें तेवढें चांगलें असें नव्हे, हें कालिदासानें सूत्रधाराच्या तोंडून सांगितलें आहे. मीं तें वर्षानुवर्षें वर्गांत शिकविलें. आचरणांत मात्र आणलें नाहीं.

नववींतील एका मुलानें एकदां मला मुक्तछंदांतील कविता दाखविली होती. "अगोदर वृत्तें पाठ कर," असें म्हणून मीं वही परत केली. एक ओळही वाचली नाहीं. त्यानें पुनः कधींही वही आणली नाहीं. वृत्तें शिकावींत हें माझें म्हणणें खोटें नव्हतें. या वृंदानेंही आधीं दुसऱ्यांचीं गाणीं घोटलीं होतीं. पण कविता वाचून मग तें सांगतां आलें असतें.

पुतण्याचाही मित्रांसह एक लहानसा वृंद आहे. जातांना तो म्हणाला, "काका, लोकांना सिनेमाचींच गाणीं हवीं असतात. आमचीं वाजवावींत कीं नाहीं?" मीं त्यास म्हटलें, "त्यांचीं चार वाजव, पण पांचवें तुमचें असूं दे. आणि तें आधीं मला ऐकीव."

परवां त्यानें तें फोनवरून ऐकविलें. सगळें मला आवडलें असें सांगणें अप्रामाणिकपणाचें होईल. मात्र या वेळीं मीं शेवटपर्यंत ऐकलें, आणि मधलें एक कडवें पुनः वाजवावयास सांगितलें.