आजीचे गोंदण आणि मोबाइलवरची कलाकुसर

आमच्या घरात आजीचा एकच फोटो आहे. काळापांढरा, मधोमध घडी पडलेला, एक कोपरा वाळवीने खाल्लेला. मागे आम्ही तो एका दुकानात 'नवा' करायला दिला. रंगीत होऊन आला. लुगडे हिरवेगार, चेहरा तुळतुळीत. आई बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "छान आहे बाई, पण ही कोण?" कपाळावरचे गोंदण आणि हनुवटीवरचे तीन ठिपके यंत्राने डाग समजून पुसून टाकले होते!

असे का होते? या यंत्राने लाखो चेहरे पाहिलेले असतात, आपली आजी मात्र पाहिलेली नसते. फोटोत जे दिसत नाही ते ते अंदाजाने भरते. लुगड्याचा रंगही अंदाजच. आई सांगते, ते लुगडे जांभळे होते.

मग नववीतल्या पुतणीला हाताशी धरून आम्हीच बसलो. फोटो चौकटीतून बाहेर काढला, दाराजवळच्या उजेडात ठेवला, फ्लॅश बंद केला आणि मोबाइल अगदी सरळ वर धरून टिपला. पुढचे काम 'फोटोपी' नावाच्या संकेतस्थळावर. ते फुकट आहे, जाहिराती तेवढ्या सोसाव्या लागतात. विशेष म्हणजे त्यात उघडलेला फोटो आपल्याच यंत्रात राहतो, कुठे पाठवला जात नाही. त्यातल्या डाग भरणाऱ्या ब्रशाने घडीवरून बारीक बारीक फिरत गेलो. कोपऱ्यासाठी शेजारचाच भाग उचलून लावणारे 'क्लोन स्टॅम्प' वापरले. गोंदणाजवळ ब्रश नेलाच नाही. दोन रविवार गेले, पण आजी आजीच राहिली. मूळ फोटोची प्रत मात्र वेगळी जपून ठेवावी, तिच्यावर हात चालवू नये.

आता मजकूर. ऑस्ट्रेलियात २०१३ साली सुरू झालेले 'कॅनव्हा' यासाठी सोपे आहे. तयार नमुना घ्यायचा, आपला फोटो टाकायचा, अक्षरे लिहायची. ज्या चित्रावर मुकुटाची खूण दिसते त्याला पैसे पडतात, ते सोडून द्यावे. बाकीच्यात भरपूर भागते. पुतणीने आईला विचारून आजीच्या दहा ओळी लिहिल्या : माहेर कोणते, विड्या किती वळायची, मुलींना शाळेत घालताना कोणाशी भांडली. सजावटीची फुले तिने आधी पंचवीस लावली होती, आम्ही दोन ठेवली!

मराठी अक्षरांचे वळण निवडताना 'ल' आणि 'श' नीट पाहा. काही फाँटांत ते हिंदी पद्धतीचे येतात. 'तिच्या वाऱ्याला' असे लिहून 'ऱ्या' तुटत नाही ना हेही तपासा. मुंबईच्या 'एक टाइप'ने केलेले 'मुक्त' आणि 'बलू' हे फाँट सर्वांना मोफत आहेत आणि वाचायला ठसठशीत.

छापताना बहुतेकांची फसगत होते ती इथे. ए-४ कागदावर स्वच्छ छपाईसाठी चित्र साधारण २४८० बाय ३५०८ ठिपक्यांचे लागते. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवले की ते आकसते आणि छपाईत चेहरा पुसट येतो. म्हणून 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावे, किंवा पीडीएफ पेनड्राइव्हवर न्यावी.

आणखी एक. 'फोटो टाका, म्हातारपणी कसे दिसाल पाहा' असल्या अनोळखी गमतींत लेकराबाळांचे फोटो टाकू नयेत. ते पुढे कुठे जातात याचा पत्ता आपल्याला लागत नाही.

पान छापून आले तेव्हा आईने चष्मा लावून ते दोनदा वाचले. माहेरच्या गावाचे नाव आम्ही चुकीचे लिहिले होते. ते दुरुस्त करून पुन्हा छापले, या खेपेला पाच प्रती. चारही मावश्यांनी एकेक मागितली आहे.