पानं उडवायची की भुसा?

फेब्रुवारी अर्धा सरला की नागपुरात कडुनिंब पिवळा पडायला लागतो. सकाळी खराटा मारून अंगण लख्ख करावं, तर दुपारी पुन्हा सडा. निंब थांबतो न थांबतो तोच पिंपळ सुरू होतो, मग करंज. आवारात बदामाचं झाड असेल तर त्याची मोठाली जाड पानं वेगळीच. अशा वेळी कुणीतरी मोबाईलवर व्हिडिओ दाखवतं. एक माणूस हातात नळकांड्यासारखं मशीन धरून चालतोय आणि पानं आपसूक पुढे पळताहेत. मग विचारणा सुरू होते: पेट्रोलवर चालणारा हातातला ब्लोअर घ्यावा का, घेतला तर कोणता?

नागपूरच्या लकडगंजात, म्हणजे लाकडाच्या वखारींच्या भागात, हा प्रश्न जरा वेगळा आहे. इथल्या मोठ्या आवारांत झाडांची पानं कमी आणि झाडांचे ओंडके जास्त. सेंट्रल एव्हेन्यू सोडून आत वळलं की आरा मशीनचा आवाज आधी येतो, मग ओल्या सागाचा वास. जमिनीवर पानं, सालपटं, भुसा आणि एप्रिलनंतर बोटभर धूळ, सगळं एकत्र पडलेलं असतं. ब्लोअर यातल्या फक्त एका गोष्टीसाठी बनलेला आहे, पानांसाठी. दुकानदार हे सांगत नाही, कारण त्याला कुणी विचारत नाही.

या मशीनची खरी गरज कुठे आहे ते बघायचं असेल तर नागपूरच्या उत्तरेला पेंचच्या जंगलात जावं. महाराष्ट्रात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम मानला जातो. सागाचं जंगल या काळात खालून कोरड्या पानांनी भरून जातं आणि मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून कुणी झाडाखालचा पाला पेटवला तरी आग दूरवर जाते. म्हणून वनखातं जाळरेषा काढतं, म्हणजे पाला हटवून जमिनीचा उघडा पट्टा ठेवतं. पेंच, ताडोबा, मेळघाट या व्याघ्र प्रकल्पांत हे पट्टे साफ ठेवायला आणि लागलेल्या आगीपुढचा पाला बाजूला सारायला पेट्रोलचे ब्लोअर वापरले जातात. तिथे विजेचा प्लग नाही, पाला कोरडाठाक आहे, पट्टा लांबच लांब आहे आणि शेजारी झोपलेलं बाळ नाही. पेट्रोलच्या ब्लोअरला जे जे लागतं ते सगळं तिथे आहे. ज्या जातीच्या जंगलातून लकडगंजात साग येतो, तिथे हे मशीन शोभतं. सागाच्या वखारीत शोभेलच असं नाही.

आता मशीनकडे वळू. हातातल्या पेट्रोल ब्लोअरचं इंजिन साधारण २५ ते २८ सीसीचं, वजन साडेतीन ते साडेचार किलो. दुकानात सीसीच सांगतात, पण विचारायचं ते हवेचं. दोन आकडे असतात. एक, मिनिटाला किती घनमीटर हवा फेकतो. दुसरा, ती हवा किती वेगाने बाहेर पडते. ढीग पुढे सरकवण्याचं काम पहिला आकडा करतो. फरशीला चिकटलेलं पान उचलायला दुसरा लागतो. चांगल्या पेट्रोल ब्लोअरची हवा मिनिटाला १२ घनमीटरच्या आसपास असते. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा सहाशे-साडेसहाशे वॉटचा विजेचा छोटा ब्लोअर फार तर साडेतीन घनमीटर देतो, म्हणजे चौथ्या हिश्शापेक्षा थोडा जास्त. वेग मात्र दोघांचाही ऐकायला दणदणीत असतो आणि खोक्यावर तोच मोठ्या अक्षरांत छापलेला असतो. त्याला भुलू नये. आणि पान ओलं असेल, पावसाळ्यात ते असतंच, तर दोन्ही मशीनं हात टेकतात. तिथे खराटाच.

इंजिन बहुतेक वेळा टू-स्ट्रोक असतं. जुन्या बजाज स्कूटरवाल्यांना वेगळं सांगायला नको: पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून घालायचं. पन्नासास एक असं प्रमाण सांगितलं असेल तर लिटरला २० मिलि. पंचवीसास एक असेल तर ४०. अंदाजाने ओतलेलं ऑइल जास्त झालं तर धूर आणि काळा पडलेला प्लग. ऑइल विसरून नुसतं पेट्रोल घातलं तर पिस्टन जाम, आणि तो खर्च नव्या मशीनच्या जवळ जातो. मशीन चालवणारा माणूस दर महिन्याला बदलत असेल तर ही गोष्ट आज ना उद्या होणारच. मोजमापाची बाटली मशीनला दोरीने बांधून ठेवा.

त्याहून नवी अडचण पंपावरच्या पेट्रोलची. आपल्याकडे आता बहुतेक पंपांवर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. हातातल्या यंत्रांचे नामांकित उत्पादक मात्र आपल्या पुस्तिकेत १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असं लिहितात. इथेनॉल ओलावा ओढतं आणि कार्बोरेटरमधला पातळ रबरी पडदा कडक करतं. ब्लोअर वर्षातून दोन-तीन महिने चालतो आणि बाकीचे दिवस टाकीत उरलेल्या पेट्रोलासकट कोपऱ्यात पडून असतो. पुढच्या फेब्रुवारीत दोरी ओढून ओढून खांदा दुखतो, मशीन काही सुरू होत नाही. म्हणून घेण्याआधी दुकानदाराला सरळ विचारावं: ‘हे वीस टक्क्यांवर चालतं असं पुस्तिकेत कुठे लिहिलंय, दाखवा.’ आणि हंगाम संपला की टाकी रिकामी करून, मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवून मगच ठेवावं. सुटे भाग गावात मिळतात का, हेही तेव्हाच विचारावं. विदर्भात शेतीच्या दुकानांतून गवत कापायची पेट्रोल मशीनं पुष्कळ विकली जातात. त्यांची इंजिनं याच जातीची. ती दुरुस्त करणारा मेकॅनिक हाताशी असेल तर अर्धी काळजी मिटली.

एक बारीक गोष्ट, पण दुकानातच बघून घ्यावी. हवा आत ओढणारी जाळी कुठल्या बाजूला आहे? अनेक मॉडेलांत ती पायाच्या बाजूला येते. आपल्याकडे आवार झाडायला बहुधा बायका असतात, आणि साडीचा पदर किंवा ओढणी त्या जाळीला चिकटली की हवा तुटते, इंजिन धापा टाकतं. परदेशी पुस्तिकेत सैल कपडे घालू नका एवढंच लिहिलेलं असतं; पदर लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर नसतो. मशीन हातात घेऊन, चालू करून, दहा पावलं चालून बघितल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

भुशाचं काय? इथे माझं मत ठाम आहे: आरा मशीनच्या शेडमध्ये पेट्रोलचा ब्लोअर आणूच नये. सायलेन्सर इतका तापतो की त्याला लागलेला सुका भुसा धुमसू शकतो, आणि हवेत उडालेला बारीक भुसा ठिणगीला आमंत्रण देतो. लाकडाच्या वखारीत आग म्हणजे काय, हे लकडगंजात कुणाला समजावायची गरज नाही. शिवाय तो भुसा छातीत जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच लाकडाच्या धुळीला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं आहे. मशीनवरचा भुसा उडवायला संध्याकाळी जो छोटा विजेचा ब्लोअर फिरतो, तोही खरं तर चुकीचाच. भुसा ओढून घ्यावा किंवा फावड्याने भरावा. तो विकलाही जातो. एके काळी नागपुरातल्या कितीतरी घरांत भुशाची शेगडी होती: डब्याच्या मधोमध बाटली उभी करायची, भोवती भुसा ठासायचा, बाटली अलगद काढून घ्यायची, आणि राहिलेल्या भोकातून जाळ. उडवून टाकावी अशी ही चीज नव्हे.

आवाजाचा मुद्दा अमेरिकेत फार तापला. कॅलिफोर्नियातल्या कार्मेल गावाने १९७५ मध्येच ब्लोअरवर बंदी घातली, लॉस एंजेलिसने १९९८ मध्ये घरांजवळ पेट्रोलचा ब्लोअर चालवायला मनाई केली, राजधानी वॉशिंग्टनमध्ये २०२२ पासून तो बंद आहे. कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाचा हिशेब असा की व्यावसायिक ब्लोअर तासभर चालला तर त्यातून निघणारं धुरकं तयार करणारं प्रदूषण नवी मोटार सुमारे १,७७० किलोमीटर चालवण्याइतकं असतं. टू-स्ट्रोकमधलं बरंचसं पेट्रोल न जळताच बाहेर पडतं, म्हणून हे. आपल्याकडे निवासी भागाला दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे, व्यापारी भागाला ६५. पेट्रोलचा ब्लोअर पंधरा मीटरवरूनही पासष्ट ते पंचाहत्तर ऐकवतो. चालवणाऱ्याच्या कानाशी तर त्याहून कितीतरी जास्त. कानाला मफ आणि डोळ्याला गॉगल दिल्याशिवाय नोकराच्या हातात मशीन देणारा मालक मला पटत नाही.

बॅटरीचे ब्लोअर शांत, हलके, दोरी न ओढता चालणारे. पण पूर्ण जोरावर एक बॅटरी अर्धा तासही पुरत नाही, आणि नागपूरच्या मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली तापलेली बॅटरी चार्जर घेतच नाही. ती घरात, सावलीत चार्ज करावी.

मशीन कुठलंही असो, काम सकाळी लवकर करावं, वाऱ्याच्या दिशेने, अर्ध्या जोरावर. पूर्ण जोर लावला की पानं कमी आणि धूळ जास्त उडते, आणि ती शेजारच्याच्या वाळवणावर बसते. पानं ताडपत्रीवर गोळा करावीत. मग काडी लावू नये. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळण्याला ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळण्याला २५,००० रुपये दंड ठरवला, आणि त्याच वर्षीच्या घनकचरा नियमांत बागेचा कचरा आपल्याच आवारात वेगळा साठवायला सांगितलं होतं. कोपऱ्यात खड्डा करून त्यावर शेणाचं पाणी शिंपडलं तर निंबाचा पाला लवकर खत होतो. बदामाची पानं मात्र आधी चुरून घ्यावी लागतात.

तेव्हा दुकानात जाण्याआधी आवारातल्या सर्वांत लांबच्या कोपऱ्यापासून प्लगपर्यंतचं अंतर मोजा. ते तीस मीटरच्या आत असेल तर पानांसाठी वायरवाला, जरा मोठ्या ताकदीचा विजेचा ब्लोअर घ्या. पेट्रोलचा घेऊ नका. अंतर त्याहून जास्त असेल, झाडं खरोखर भरपूर असतील आणि भुशाची शेड लांब असेल, तरच पेट्रोलच्या ब्लोअरला पैसे घाला.