वाटेच्या नोंदींची पंचवीस वर्षं
२ मे २००० रोजी, भारतात सकाळ असताना, अमेरिकेने जीपीएसच्या नागरी संकेतात मुद्दाम मिसळलेली चूक काढून टाकली. तोवर शंभर मीटरपर्यंत भरकटणारी जागा दहा-वीस मीटरांत सापडू लागली. सह्याद्रीत या फरकाला फार मोल आहे. शंभर मीटरांत घाटवाटेचं तोंड आणि शेजारचा कडा दोन्ही मावतात.

त्याच वर्षी गार्मिन कंपनीचं पिवळं ईट्रेक्स हे जीपीएस यंत्र आलं. मुठीत मावणारं, दोन पेन्सिल सेलवर चालणारं. त्याआधी भिस्त होती ती वाटाड्यावर, कातळावर रंगवलेल्या बाणांवर आणि सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशांवर. ते जुने नकाशे एव्हरेस्ट गोलाभावर बेतलेले, जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ या वेगळ्या गोलाभावर. यंत्रात योग्य पर्याय निवडला नाही, तर पाण्याच्या टाक्याची खूण नकाशावर भलतीकडेच पडे.

पण माझ्या मते पहिल्या दहा वर्षांत खरी ओढाताण झाली ती यंत्रातल्या साठवणीच्या अपुऱ्या जागेपायी. चालताना आपोआप होणाऱ्या चालू नोंदीत ठरावीक बिंदूच मावत. ती भरली की नवे बिंदू सर्वांत जुन्यांवर चढत. लांबलचक रेंज ट्रेक संपेतो पहिल्या दिवसाची वाट पुसलेली असे. म्हणून ‘सेव्ह’ करावं, तर तेव्हाची बरीच यंत्रं सगळी वाट काही शे बिंदूंत आवळत आणि प्रत्येक बिंदूची वेळही टाकून देत. नाळेतली वळणं सरळ होऊन जात. वेळेची नोंद गेली की चढाला किती वेळ लागला, पाण्यापाशी किती थांबलो, अंधार कुठे पडला, हेही गेलं. आणि पुढच्या गटाला रेषेइतकीच याची गरज असते. जाणती मंडळी म्हणून सेव्हच्या वाटेला न जाता चालू नोंदच केबलने संगणकावर उतरवून घेत आणि पुढच्या ट्रेकआधी यंत्र रिकामं करत.

त्यांच्या नोंदी आजही उघडतात, याचं श्रेय जीपीएक्स या खुल्या फाइल-रचनेला. ती २००२ मध्ये आली, २००४ मध्ये तिची १.१ आवृत्ती निघाली आणि तीच अजून चालते. त्यातली वेळ जागतिक प्रमाणवेळ असते, एवढं ध्यानात ठेवायचं. पहाटे सहाला चढायला लागलो, तर फाइलीत मध्यरात्रीनंतरचे साडेबारा दिसतात. ओपनस्ट्रीटमॅपही २००४ चंच. लोकांनी चालून आणलेल्या रेषांना तिथे नकाशात जागा मिळाली.

२०११ मध्ये ईट्रेक्स २० आणि ३० आली. रोजची नोंद आपोआप वेगळ्या फाइलीत जाऊ लागली आणि जागेची चिंता मिटली. तेव्हापासून नोंदी साठतात, पण निवडल्या जात नाहीत. जेवायला बसल्यावर झालेला बिंदूंचा गुंता, कड्यावर संकेत आपटल्याने दरीत उडी घेतलेली रेषा, परतीचा एसटीचा प्रवास, सगळं तसंच पुढे पाठवलं जातं. अनोळखी माणूस धुक्यात त्या रेषेवर पाऊल टाकतो, याची मला खरोखर धास्ती वाटते. मूळ फाइल जपून ठेवावी, प्रत साफ करावी, आणि नावात तारीख, घाट व चढ-उताराची दिशा लिहावी. अर्ध्या तासाचं काम आहे.

जुन्या नोंदींचं एक काम मात्र तातडीचं आहे. पहिल्या यंत्रांत खुणेच्या नावाला मोजकीच रोमन अक्षरं मिळत, त्यामुळे झरे, खिंडी, धनगरवाडे तुटक आद्याक्षरांत अडकले आहेत. ज्यांनी ती नावं टाकली, त्यांना आठवतंय तोवर त्यांच्याजवळ बसून ती देवनागरीत पूर्ण लिहून घ्यायला हवीत.