गॅरेजची चकचक आणि कोब्याखालची ओल

भाईजान कुवेतला एका घरी ड्रायव्हर आहेत. चार वर्षांपूर्वी त्यांनी तिथल्या गॅरेजचा फोटो मला पाठवला. राखाडी, आरशासारखी जमीन आणि तिच्यात गाडीचे प्रतिबिंब. "ऑइल सांडलं तर फडक्यानं पुसून घेतो. आपल्या घरीही असंच करून घे." पैसे त्यांचे, देखरेख माझी, असे ठरले.

चिपळूणजवळच्या आमच्या घराचे गॅरेज म्हणजे 220 चौरस फुटांचा साधा कोबा. झाडावे तितकी सिमेंटची भुकटी निघायची आणि ऑइलचे काळे डाग वर्षानुवर्षे तसेच. पण ती जागा फक्त गाडीची नाही. रमजानमध्ये गाडी बाहेर काढून तिथेच इफ्तारचे दस्तरखान अंथरतो, लग्नकार्यात बायका तिथेच तांदूळ निवडायला बसतात आणि मागच्या नळावर वुजू करून अम्मी ओल्या पायांनी तिथूनच घरात येते.

एका ठेकेदाराने मे महिन्यात 65 रुपये चौरस फुटाने काम घेतले. कोबा ॲसिडने धुतला, पाणी मारले, एक दिवस पंखा लावून वाळवला आणि इपॉक्सीचे दोन हात मारले. 14,300 रुपये झाले. दहा-बारा दिवस शेजारीपाजारी जमीन बघायला येत होते. मी ऐटीत फोटो पाठवले.

जूनमध्ये पाऊस लागला. पहिल्याच आठवड्यात अम्मी घसरली. उजवे मनगट मोडले, सहा आठवडे प्लास्टर. जुलैत जमिनीवर तळलेल्या पापडासारखे फोड आले. बोटाने दाबले की आतून पाणी यायचे. ऑगस्टमध्ये मुंबईहून आलेली गाडी दुसऱ्या दिवशी हलवली, तर तळहाताएवढा तुकडा टायरला चिकटून निघाला. भाईजान विचारायचे, "जमीन कशी आहे?" मी मे महिन्यातलाच फोटो पुन्हा पाठवायचो. प्लास्टरचे त्यांना सांगितले होते, कशावरून घसरली ते नाही.

लोटे एमआयडीसीत फ्लोअरिंगचे काम करणारा माझा एक जुना विद्यार्थी ईदला भेटायला आला. त्याने चपला काढल्या, फोड दाबून पाहिले आणि विचारले, "सर, ओल तपासली होती का?" मी उर्दू आणि मराठी शिकवणारा माणूस. ओल तपासतात हेच मला ठाऊक नव्हते.

त्याने समजावले ते असे. कोबा घट्ट दिसला तरी त्यात बारीक छिद्रे असतात. जमिनीतली ओल त्यातून वर येते आणि उघड्या कोब्यावरून हवेत निघून जाते, म्हणून आपल्याला ती कधी जाणवत नाही. इपॉक्सीचा थर मात्र पाण्याला जवळजवळ वाटच देत नाही. मग ओल खाली साचते, थराला वर ढकलते आणि जिथे पकड कच्ची तिथे फोड येतो. नवीन बांधकामात कोब्याखाली जाड प्लॅस्टिक अंथरतात. आमचे घर जुने, जांभ्याचे. त्याखाली नुसती माती. कुवेतमध्ये वर्षाचे बहुतेक महिने कोरडे. आमच्याकडे चार महिन्यांत 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. फोटोत हे कुठे दिसणार?

ओल तपासायची रीत सोपी आहे. दीड फूट लांब-रुंद पारदर्शक प्लॅस्टिक कोब्यावर ठेवून चारही कडा टेपने चिकटवायच्या आणि किमान 16 तास तसेच ठेवायचे. उचलल्यावर खाली थेंब दिसले किंवा कोबा काळपट झाला, तर रंगाचा विचार सोडायचा. पण ही तपासणी फेब्रुवारीत केली तर आपल्या बाजूची बहुतेक जमीन पास होईल. म्हणून त्याचा आग्रह होता की तपासायचे भर पावसात आणि रंगवायचे थंडीत. आमच्याकडे नेमके उलटे झाले होते.

फोड आलेला सगळा थर खरवडून काढला. पुढच्या पावसाळ्यात पाच ठिकाणी प्लॅस्टिक लावले. चार ठिकाणे कोरडी निघाली, मागच्या भिंतीलगतचे ओलेचिंब. छपराच्या पागोळ्या त्याच भिंतीच्या मुळाशी पडत होत्या. तिथे पन्हळ बसवला आणि पाणी दूर न्यायला चर खणला. ओल कमी झाली, गेली नाही.

जानेवारीत दुसऱ्यांदा काम केले, त्याच विद्यार्थ्याच्या हाताखाली. या वेळी ॲसिड नाही. हिऱ्याच्या चाकाच्या मशीनने कोबा घासला. धूळ इतकी की शेजारणीने वाळत घातलेले कपडे आत नेले. घासून झाल्यावर पाण्याचा थेंब टाकायचा. तो लगेच मुरला तर कोबा पकड धरायला तयार. मोत्यासारखा वर राहिला तर अजून ऑइल किंवा जुना थर शिल्लक आहे. सकाळचे दव सरल्यावरच प्रायमर लावला.

इपॉक्सी साध्या रंगासारखा हवेने वाळत नाही. रेझिन आणि हार्डनर एकत्र केले की रासायनिक क्रिया सुरू होते, उष्णता निघते आणि मिश्रण घट्ट होते. बादलीत ठेवले तर स्वतःच्याच उष्णतेने ते लवकर जमते, जमिनीवर ओतून पसरले तर वेळ मिळतो. हे मला सांगितले होते. तरी चहा आला म्हणून मी एक बादली कालवून बाजूला ठेवली. कप खाली ठेवेपर्यंत बादली हात लावता येणार नाही इतकी तापली होती आणि आत दगड. ते नुकसान माझ्या खात्यावर. हातमोजे मात्र मी काढले नाहीत, कारण हार्डनर कातडीला लागला तर काहींना कायमची ॲलर्जी होते.

अम्मीसाठी पहिल्या ओल्या थरावर बारीक सिलिका वाळू भुरभुरली आणि वरून दुसरा थर दिला. चकचक निम्म्याने गेली. चोवीस तासांनी आम्ही त्यावर चाललो, गाडी सात दिवसांनी आत घेतली. खर्च 24,200 रुपये आला. त्याआधी भाईजानना फोन करून पहिल्या वेळचे सगळे सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "अम्मीचं मनगट त्यामुळं?" मी हो म्हणालो.

आता दोन पावसाळे झाले. फोड नाही. ऑइल खरोखर फडक्याने निघते. वाळूच्या खरखरीत माती अडकते, म्हणून नुसते पुसून भागत नाही. पाण्यात थोडा साबण घालून ब्रशने घासावे लागते. संडास धुण्याचे ॲसिड तिथे कोणी नेत नाही. जॅकखाली फळी घालतो. दाराशी दुपारचे ऊन पडते, तेवढा पट्टा पिवळट झाला आहे. उन्हात इपॉक्सीचे असेच होते. वर पॉलियुरेथेनचा थर दिला असता तर टळले असते, पण तोवर पैसे संपले होते.

मागच्या भिंतीलगतची दोन फुटांची पट्टी आम्ही रंगवलीच नाही. तिथे कोबा उघडा आहे, जुलैत काळा पडतो, दिवाळीपर्यंत वाळतो. नारळ आणि गॅसची टाकी तिथे ठेवतो. गेल्या सुट्टीत भाईजान आले तेव्हा त्यांनी आधी ती पट्टी पाहिली आणि विचारले, "एवढंच का सोडलंस?" मी काही बोलण्याआधी अम्मी मागच्या नळावरून ओल्या पायांनी आली आणि भिंतीला हात न लावता, रंगवलेल्या भागावरून सरळ घरात गेली.