शर्क: भिंत गेली, रेघ राहिली

शर्क म्हणजे पूर्व. जुन्या कुवेत शहराच्या पूर्वेकडचा हा मोहल्ला. आज तिथे ४१२ मीटर उंच अल हमरा टॉवर आहे, बँका आहेत, किनाऱ्यावर मॉल आणि मासळीबाजार आहे. दिवसा माणसंच माणसं. पण संध्याकाळी ऑफिसं सुटली की बहुतेक जण दुसरीकडे, आपापल्या घरी जातात. मग शर्कमध्ये राहायचं कोण? आणि ते गेले कुठे?

तेलाच्या आधी इथे खलाशी, मोती काढणारे पाणबुडे आणि गलबतं बांधणारे सुतार राहायचे. शेती जवळजवळ नाही, गोडं पाणीसुद्धा शत्त अल अरबहून होडीने यायचं. म्हणजे पोट सगळं समुद्रावर. उन्हाळ्यात मोती काढायचे. पावसाळा सरला की बसऱ्याचा खजूर भरून गलबतं कराची, मुंबई, मलबारकडे निघायची. परतताना तांदूळ, कापड, मसाले आणि गलबतांसाठी सागवान. मोत्यांचा मोठा बाजार मुंबईत होता. कुवेतमध्ये १९६१ पर्यंत चलनही रुपयाच होतं! त्या वर्षी दिनार आला, १३ रुपये ५ आण्यांच्या आसपास एक.

मग चित्र पालटलं. जपानी कल्चर्ड मोत्यांनी मोत्यांचा धंदा बसवला, १९३८ मध्ये बुरगानला तेल लागलं आणि १९४६ पासून ते बाहेर जाऊ लागलं. १९५० च्या दशकात सरकारने जुन्या शहरातली घरं भरपूर पैसे मोजून विकत घेतली आणि कुवेती कुटुंबांना वेशीबाहेरच्या नव्या उपनगरांत प्लॉट दिले. १९२० मध्ये बांधलेली शहराची भिंत १९५७ मध्ये पाडली. दरवाजे तेवढे आठवण म्हणून ठेवले.

गंमत बघा, भिंत पडली आणि दोनच वर्षांनी, १९५९ मध्ये, नागरिकत्वाचा कायदा आला. मूळ कुवेती कोण? तर १९२० च्या आधीपासून इथे वस्ती करून असलेले. भिंतीचं वर्ष असं कागदावर जाऊन बसलं.

आज देशात दर तीन माणसांमागे साधारण दोन परदेशी आहेत. त्यात भारतीय सगळ्यांत जास्त, १० लाखांच्या आसपास. त्यांच्या वस्त्या अब्बासिया, सालमिया, मंगाफ अशा भागांत, आणि घरं भाड्याची. इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, बहुतेकांचा नोकरीला बांधलेला. नोकरी गेली की मुक्कामाचाच प्रश्न. नागरिकत्व वडिलांकडून येतं. त्यामुळे कुवेतमध्ये जन्मून तिथेच बारावी झालेलं मराठी मूलसुद्धा कायद्याने पाहुणंच.

पूर्वी शर्कची माणसं मुंबईला जायची आणि हंगाम संपला की घरी परतायची. आता मुंबईची माणसं शर्कला जातात. त्यांचा हंगाम कधीकधी तीस वर्षं चालतो, पण परतायचं मात्र ठरलेलंच असतं. म्हणून ‘तू कुठला?’ या साध्या प्रश्नाला तिथे वाढलेली मुलं क्षणभर थांबून उत्तर देतात.