झळाळीची परीक्षा

वडिलोपार्जित नाण्यांची पुरचुंडी ज्या घरांत नाहीं असें कुटुंब आपल्यांत विरळाच. लक्ष्मीपूजनाच्या दिवशीं ती पुरचुंडी तबकांत सोडली जाते, नाणीं उजळलीं जातात, आणि जें अधिक चकाकेल तें अधिक मोलाचें असा निवाडाही त्याच वेळीं होऊन जातो. हा निवाडा किती फसवा असतो हें गेल्या दिवाळीनंतर आमच्या शेलू गांवीं आम्हांस पाहावयास मिळालें; आणि त्यांत आमचाही दोष निघाला, म्हणून तो प्रकार येथें सांगतों.

शेजारच्या घरीं दोघां भावांची वांटणी चालली होती. शेत, घर, भांडींकुंडीं यांचें सामोपचारानें झालें. अडलें तें दहा रुपयांच्या दोन नाण्यांपाशीं. दोन्ही महात्माजींच्या जन्मशताब्दीनिमित्त १९६९ सालीं निघालेलीं, १५ ग्रॅम वजनाचीं, त्यांत शेंकडा ८० भाग चांदी. एक कापसांत जपलेलें, लखलखीत; दुसरें निस्तेज, ओरखडलेलें. वडिलांनीं टांकसाळींतून प्रूफ नाण्यांचा संच आणविला होता व त्यांतलें एक नाणें हेंच, एवढें उभयतांस ठाऊक. परंतु डबी केव्हांच हरवलेली. थोरले म्हणत, लखलखीत तेंच प्रूफ, आणि तें वडीलकीच्या हक्कानें माझें. धाकटे म्हणत, मग उरलेलें टाकाऊ तेवढें मीं कां घ्यावें? शब्दानें शब्द वाढला, आणि अखेर दोघेही "गुरुजी, तुम्हीच सांगा" म्हणून आमच्या ओटीवर आले.

प्रथम हें ध्यानांत घ्यावें कीं, प्रूफ हें नाण्याच्या टवटवीचें नांव नसून त्याच्या घडणीचें नांव आहे. बाजारांत चालावयाचें नाणें एका ठोक्यासरशीं भराभर पाडलें जातें, आणि अशीं असंख्य नाणीं एकमेकांवर आदळत थैल्यांत भरलीं जातात. प्रूफ नाण्यासाठीं ठसा व धातूची चकती हीं दोन्ही आधीं आरशासारखीं गुळगुळीत करितात, अधिक दाबानें दोन वा अधिक वेळां ठसा मारितात, आणि प्रत्येक नाणें निराळें उचलून ठेवितात. तें व्यवहारासाठीं नसून संग्रहासाठीं असतें. म्हणून प्रूफ नाणें मळलें, झिजलें, तरी प्रूफच राहतें. आणि साधें नाणें कितीही उजळलें तरी तें प्रूफ होत नाहीं.

आम्हीं दोन्ही नाणीं कडेनें धरून सकाळच्या उन्हांत पाहिलीं. लखलखीत नाणें हळूहळू कलतें करितांच प्रकाशाचे पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे त्यावरून फिरूं लागले. ठोक्याखालीं धातु कडेकडे पसरतो व त्याच्या प्रवाहाच्या अतिसूक्ष्म रेषा उठतात, त्यांचा हा खेळ. न वापरलेल्या साध्या नाण्याची झळाळी ती हीच. प्रूफ नाण्याचा सपाट भाग मात्र आरसा असतो. त्यापुढें छापील अक्षर धरलें तर तें उलटें पण स्पष्ट दिसतें. निस्तेज नाण्यावर ओरखड्यांची जाळी होती खरी. तथापि अक्षरांच्या सांदीकोपऱ्यांत, जेथें बोट पोंचत नाहीं तेथें, आरशाचे चिमुकले तुकडे शिल्लक होते. त्याची कड चौकोनी व धारदार होती, अक्षरें कोरल्यासारखीं उभीं होतीं. पुष्कळ प्रूफ नाण्यांत उठावाचा भाग दुधाळ पांढरा असतो. परंतु सर्वांतच तसें नसतें, म्हणून तेवढ्यावर विसंबूं नये.

शेवटीं भिंग घेतलें. १८२४ ते १८२९ या काळांत फोर्टांत बांधलेल्या मुंबईच्या टांकसाळीच्या साध्या नाण्यांवर सनाखालीं शंकरपाळ्यासारखी बारीक खूण असते. प्रूफ नाण्यांवर त्या काळीं बी हें रोमन अक्षर असे. १९९६ पासून तेथें एम आलें. लखलखीत नाण्यावर शंकरपाळें दिसलें, ओरखडलेल्यावर बी. घडण आणि खूण दोहोंची साक्ष जुळली.

निकाल लागला, परंतु धाकट्यांच्या चेहऱ्यावर आनंद उमटण्यापूर्वीं आम्हांसच खालीं पाहावें लागलें. ते ओरखडे कोणाचे हें आम्हांस आठवलें. पुष्कळ वर्षांपूर्वीं गांधीजयंतीच्या प्रदर्शनासाठीं त्यांच्या वडिलांनीं तें नाणें विश्वासानें आमच्या हवालीं केलें होतें. तें थोडें काळवंडलें होतें. आम्हीं विद्यार्थ्यांकडून तें चिंच व रांगोळी लावून घांसवून घेतलें, आणि वर त्यांस शाबासकीही दिली! परत घेतांना वडिलांनीं तें क्षणभर उन्हांत धरलें व कांहीं न बोलतां खिशांत ठेविलें. त्या मौनाचा अर्थ आम्हांस आज कळला. चांदीवरील काळिमा हा हवेंतील गंधकामुळें चढणारा पातळ थर. त्यानें नाण्याचें फारसें बिघडत नाहीं. आरशावर उठलेला ओरखडा मात्र कोणासही पुसतां येत नाहीं.

हें सर्व आम्हीं दोघांस सांगितलें. थोरले बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "बाबा तुम्हांस कांहीं बोलले नाहींत, तर आम्ही काय बोलणार?" दोन्ही नाणीं आतां एकाच डबींत त्यांच्या मातोश्रींपाशीं आहेत.

आमच्या वाचकभगिनींस इतकेंच विनवावयाचें कीं, पूजेस नाणीं ठेवावीं, पण घांसूं नयेत. कडेनें धरावीं, कोरड्या जागीं ठेवावीं, आणि प्लॅस्टिकच्या मऊ पिशव्यांत कोंडूं नयेत, कारण त्यांतील कांहींमुळें नाण्यांवर हिरवट चिकटा धरतो. जुन्या नाण्याचे लाखों रुपये देतों, आधीं शुल्क भरा, असें कोणी म्हटल्यास सावध असावें. रिझर्व्ह बँकेनें अशा प्रकारांविषयीं १९२१ नव्हे, अगदीं अलीकडे २०२१ सालीं लोकांस इशारा दिला आहे.

पाणिनीनें 'रूप्य' शब्दाचे दोन अर्थ सांगितले आहेत: ठसा मारलेलें, आणि प्रशंसनीय रूपाचें. ठसा टांकसाळ मारते. रूप राखणें आपल्या हातीं असतें.