छोटी मोटार घेताना ‘ऑन रोड’ किंमत पाहा

जाहिरातीत पाच लाखांची दिसणारी छोटी मोटार दारात येईपर्यंत पाच लाखांची राहत नाही. चार मीटरपर्यंत लांबीच्या व १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल मोटारीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के जीएसटी आहे. तो शोरूम किमतीतच धरलेला असतो. महाराष्ट्रात वैयक्तिक वापराच्या अशा मोटारीवर त्याखेरीज ११ टक्के एकरकमी वाहनकर, म्हणजे येथे ५५ हजार रुपये पडतात. शिवाय सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीसाठी तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. विमा विक्रेत्याकडूनच घ्यावा, असे बंधन मात्र नाही. त्यामुळे कर्जाचा हप्ता ठरविण्यापूर्वी प्रत्येक खर्चाची बाब लेखी मागावी आणि विम्याचे दर दोन-तीन कंपन्यांकडे पडताळावेत. कर टळत नाही. विम्यात बचत शक्य असते.